पानाखालचा चेहरा

सांतो लाबेजाला ओळखत नाही असा माणूस आमच्या गुलू शहरात सापडायचा नाही. मोठमोठ्या वर्तमानपत्रांत त्याचं नाव छापून येतं. लढाईत सापडलेल्या साध्या माणसांचे फोटो काढणारा म्हणून त्याला विमानानं परदेशी नेतात, व्यासपीठावर उभं करतात, टाळ्या वाजवतात. वाजवू देत बिचारे. आम्हाला तो कॅम्पातला फोटोवाला म्हणूनच माहीत, आणि त्याच्या निळ्या चादरीपुढे एकदा तरी उभा राहिला नाही असा आमच्यात कोणी नाही.

ती चादर तो दोन झोपड्यांच्या मधे बांधायचा. लढाईच्या वर्षांत गावंच्या गावं उठवून माणसं कॅम्पात कोंबली होती. शेत नाही, गुरं नाहीत, हाताला काम नाही. अशा जागी फोटोचा धंदा चालेल असं कोणाला वाटलं असतं? पण चालला. झाडीतले केव्हा येऊन कोणाचं पोर उचलून नेतील त्याचा नेम नव्हता. बंडखोरांना आम्ही झाडीतलेच म्हणायचो, नुसतं नाव घेतलं तरी येतील अशी धास्ती होती. बाया पोरांना न्हाऊमाखू घालून घेऊन यायच्या आणि सांगायच्या, सांतो, समोरून काढ रे, चेहरा ओळखू आला पाहिजे. पोरं हसली की दटावायच्या. का दटावतात ते पोरांना सांगत नसत. सांतोला ठाऊक होतं, पण तोही बोलायचा नाही.

तिथून तो वर्तमानपत्राचा माणूस झाला तो काही ठरवून नव्हे. शेजारच्या कॅम्पवर हल्ला झाला आणि राजधानीतली, कंपालाची पत्रकार मंडळी पोचायच्या आत सांतो सायकल मारत तिथं हजर. त्यानं जळक्या झोपड्या काढल्या नाहीत. जळक्या झोपडीपुढे एक बाई मडकं पुसत बसली होती, पुसपुसून स्वतःच काळी होत होती, तिला काढलं. कंपालाच्या एका संपादकानं तो फोटो पहिल्या पानावर छापला आणि निरोप धाडला, अजून आण. मग सांतोनं अजून आणलं. रेशनच्या रांगेत उभ्याउभ्या झोपलेली म्हातारी. एका हातपंपाभोवती दोनशे डबे. मुलगा पळवून नेला त्याच्या रिकाम्या चटईशेजारी जेवायला बसलेलं घर. सैनिक आणि बंदुका काढणारे पुष्कळ होते. सांतो ज्यांच्यावर लढाई येऊन पडली होती त्यांना काढायचा, आणि प्रत्येकाचं नाव विचारून वहीत लिहायचा.

मेलेल्यांचे फोटोही काढावे लागायचे. त्याची त्याला एक रीत होती, आणि ती त्याची एकट्याची नव्हती, आम्हा सगळ्यांचीच आहे. रानात, रस्त्यावर मढं दिसलं तर आमच्यात कोणी तसंच पुढे जात नाही. ओळखीचं असो नसो, वैऱ्याचं का असेना. कडेची एक डहाळी मोडायची, मढ्यावर ठेवायची आणि मगच वाटेला लागायचं. डहाळी ठेवली म्हणजे त्याला कळतं की आपल्याला कोणीतरी पाहिलं. न ठेवता गेलात तर ते तुमच्यामागे घरी येतं. सांतो आधी फोटो काढायचा, लगेच डहाळी ठेवायचा. आणि दुसऱ्या कोणी आधीच ठेवलेली असेल, तर पानासकटच काढायचा. ठेवलेलं पान उचलायचं नाही. हे त्याला आईनं शिकवलेलं नव्हतं, कारण असं काही कोणी करेल हे आईच्या डोक्यातही आलं नसतं.

त्याच्या डोक्यात मात्र आलं. झालं असं की त्या आठवड्यात संपादक फोनवर त्याच्यावर उखडला होता. म्हणाला, तू नुसते पालापाचोळ्याचे फोटो पाठवतोस, मला काय बाग लावायचीय? चेहरा नसेल तर कोणी बातमी वाचत नाही. सांतोनं ऐकून घेतलं. दोनच दिवसांनी लाकवाना नावाच्या कॅम्पवर भरदिवसा हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सैन्याच्या ट्रकवर बसून सांतो तिकडे निघाला. वाटेत कडेला एक मढं दिसलं, तोंडावर हिरव्या डहाळ्यांचा ढीग. कोणीतरी मूठ-दोन मूठ नव्हे, चांगल्या हातभर डहाळ्या ठेवल्या होत्या. शिपायांनी मान वळवली. सांतोनं ट्रकचं पाठीमागचं फळकुट वाजवलं आणि खाली उतरला.

त्यानं डहाळ्या उचलल्या. खाली एक तरणी पोर होती, अठरा-एकोणीसची. डोक्याची उजवी बाजू बारीक वेण्यांनी घट्ट गुंफलेली, डावी बाजू मोकळी. कोणीतरी वेण्या घालता घालता अर्ध्यात उठलं होतं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवायला सुरुवात केली. सांतोनं नीट न बघताच खटाखट फोटो घेतले, डहाळ्या जमतील तशा परत तोंडावर टाकल्या आणि पळत ट्रक गाठला. वहीत नाव लिहायची जागा कोरी राहिली. फिल्म त्यानं तशीच कंपालाला पाठवली. ती तिकडेच धुतली आणि तिकडेच राहिली.

तो फोटो गाजला. कसला गाजला म्हणता! उघड्या डोळ्यांनी सरळ तुमच्याकडे बघणारी अर्ध्या वेण्यांची मुलगी. त्याला परदेशात बक्षीस मिळालं, पुस्तकात आला, भिंतींवर लागला. खाली लिहिलेलं असायचं, अनोळखी स्त्री. सांतोला त्याच्या जोरावर मोठ्या वृत्तसंस्थेचं काम मिळालं. तो काँगोत गेला, सुदानात गेला, जिथं जिथं माणसं डोक्यावर गाठोडं घेऊन पळत होती तिथं जाऊन आला.

पुढे आमच्याकडची लढाई निवली. लोक आपापल्या गावी परतले. सांतोनं गुलूत पक्कं घर बांधलं. त्या फोटोला सात वर्षं झाली होती तेव्हा परदेशातून त्याची एक मोठी चौकट भेट म्हणून आली, आणि ह्या शहाण्यानं ती बाहेरच्या खोलीत टांगली. बायको कार्मेला म्हणाली, मेलेल्या माणसाला घरात जेवताना बघायला लावतोस होय? सांतो म्हणाला, ही मेलेली नाही, ही कला आहे. कार्मेला जेवायला आत बसायला लागली.

त्यांची एकुलती एक मुलगी लाकेर तेव्हा दहा वर्षांची होती. त्या चौकटीसमोरच्या टेबलावर ती अभ्यास करायची. महिना झाला असेल. कार्मेलानं शनिवारी तिच्या वेण्या घातल्या, रविवारी प्रार्थनेहून येऊन बघते तो डावी बाजू सगळी सुटलेली. कार्मेलानं दोन धपाटे घातले आणि परत घातल्या. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली तर पुन्हा डावी बाजू मोकळी. बाई म्हणाल्या की वर्गात तिनं केसांना हात लावला नव्हता. तिसऱ्यांदा कार्मेलानं तिला समोर बसवून ठेवलं आणि स्वतः भाजी निवडत बसली. पाच मिनिटं मान खाली असेल. वर पाहिलं तर वेण्या सुटलेल्या, आणि पोर हात मांडीवर ठेवून बसलेली.

मग ते दुपारचं सुरू झालं. ऊन डोक्यावर आलं की लाकेर उंबऱ्यात जाऊन बसायची आणि मान एका बाजूला टाकायची. बोलायची ती तिच्या आवाजात नाही. आवाज बाईचा, घसा सुकलेला.

"पाणी," ती म्हणायची. "उन्हात आहे मी. पाणी दे ना."

सांतोनं पेला तिच्या ओठांना लावला. ओठ उघडलेच नाहीत. पाणी हनुवटीवरून खाली ओघळलं, झगा भिजला, आणि ती पोर मागतच राहिली. तासाभरानं आपोआप उठायची, काही आठवायचं नाही. पण अन्न जाईना. कार्मेला तिच्या आवडीची मलाक्वांगची आंबट भाजी करायची, नाचणीच्या उकडीचा घास मोडून हातात द्यायची, आणि पोर तो घास हातात धरून बसून राहायची. दोन महिन्यांत गळ्याची हाडं वर आली. दवाखान्यात रक्त तपासलं, थुंकी तपासली. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, मला काही सापडत नाही, आणि असंच चाललं तर ही पावसाळा काढायची नाही.

सांतोनं चौकट उतरवली, चादरीत गुंडाळली, माळ्यावर टाकली. काही फरक नाही. माळ्यावरून काढून जाळली. त्या आठवड्यात परदेशातल्या कुठल्याशा शहरात त्याच्या फोटोंचं प्रदर्शन उघडलं, आणि त्या दिवशी लाकेर दुपारपासून संध्याकाळपर्यंत उंबऱ्यातून हलली नाही. आपल्या भिंतीवरची चौकट जाळता येते. पण हजारो पुस्तकांतून ती पोर उघडीच होती, आणि कोण कुठला माणूस कुठे पान उलटत असेल त्यावर ह्याचा काय ताबा?

शेवटी कार्मेला त्याला न विचारताच न्येको म्हातारीला घेऊन आली. न्येकोच्या अंगात येतं, तिला मेलेल्यांशी बोलता येतं असं सगळे म्हणतात. सांतो पडला शिकलेला, एरवी हसला असता. तेव्हा तो हसला नाही. न्येकोनं लाकेरला पाहिलं, सांतोला पाहिलं आणि कसलंही नाटक न करता म्हणाली, तू कोणीतरी ठेवलेलं पान उचललंस. सांतोनं मान खाली घातली.

"तिची माणसं शोध," न्येको म्हणाली. "तिला तिच्या अंगणात पुरा. आणि पुरताना सगळ्यांनी सगळं बोलायचं. कोणी काही पोटात ठेवलं तर ती त्या ठेवणाऱ्याचं दार सोडणार नाही. तुझं दार म्हणजे पोरीचंही दार, हे लक्षात घे."

आता पुरणार काय? सात वर्षांनी हाडं कुठली? ज्याचं मढं सापडत नाही त्याच्या जागी आम्ही यागोच्या झाडाचं ते लांबोडकं, जड फळ पुरतो. पण न्येको म्हणाली, ह्या पोरीला नुसतं फळ पुरेसं नाही, तू तिचं जे घेऊन गेलास तेही मातीत जायला हवं. म्हणून सांतो कंपालाला गेला, संपादकाच्या हातापाया पडला आणि जुन्या कपाटातून ती मूळ फिल्म मागून आणली. पाकीट त्यानं उघडलं नाही. उघडणं म्हणजे पुन्हा पान उचलणंच झालं.

मग तो लाकवानाला गेला. कॅम्प मोडला होता, तरी वीस-तीस घरं आसपासच राहिली होती. सांतोनं फोटोची एक प्रत कापडात गुंडाळून नेली होती. दारोदार जायचा, सगळं खरं सांगायचा आणि मग कापड बाजूला करायचा. त्याला वाटलं होतं कोणी ओळख देणार नाही. झालं उलटंच. पहिल्या दिवशी चार बायांनी सांगितलं, ही माझी. एकीची पोर बारा वर्षांची असताना नेलेली, एकीची तर मुलगी नव्हतीच, सून होती. खोटं बोलत होत्या असं म्हणवत नाही. वाट बघून बघून त्या इतक्या दमल्या होत्या की कोणाचंही मढं त्यांना आपलं म्हणून चाललं असतं. सांतोला तिथं उभं राहवेना. तो गिरणीच्या सावलीत जाऊन बसला.

दळायला आलेल्या बायांत एक उंच, करड्या केसांची बाई होती. तिनं फोटो पाहायला नकार दिला होता. दुसरी तिला हाक मारायला गेली, "अगं लामुनुची आ..." आणि तिनं जीभ चावली. मग म्हणाली, "किदेगाची आई, तुझं पीठ झालं."

सांतोचे कान टवकारले. आमच्यात बाईला थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. थोरलं लेकरू मेलं तरी, पळवून नेलं तरी, आईचं नाव बदलत नाही. धाकट्याचं नाव कोणी लावून घेत नाही. लावून घेतलंच तर एकच अर्थ, की थोरल्याचं नाव कानावर पडलं की त्या आईला सोसत नाही. सांतो तिच्या पाठोपाठ तिच्या घरी गेला.

तिचं नाव अतिमांगो. तिनं त्याला बसायला चटई दिली, पाणी दिलं, सगळं रीतसर. फोटो बघितला आणि डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली, ही माझी नव्हे. माझी लामुनु जिवंत आहे, झाडीतल्यांनी नेली, आता कुठे सुदानात कोणाच्या चार पोरांची आई झाली असेल. सांतोनं हात जोडले. म्हणाला, आई, माझी पोर मरते आहे. वेण्यांचं सांगितलं. उंबऱ्यात बसण्याचं सांगितलं. अतिमांगो ऐकत होती, चेहरा जात्यासारखा.

"काय मागते ती?" तिनं विचारलं.

"पाणी."

अतिमांगो उठायला गेली आणि तिथंच खाली बसली. मग बोलायला लागली ती थांबेना. त्या दुपारी ती अंगणात लामुनुच्या वेण्या घालत होती. उजवी बाजू झाली होती. गोळीबार सुरू झाला, दोघी किदेगाला घेऊन पळाल्या. रस्त्याशी लामुनु पडली. पोटातून रक्त. अतिमांगोनं तिला कडेला ओढलं. हाक मारली, हलवलं. काही नाही. मागून माणसांचे आवाज येत होते, पाठीवर चार वर्षांचा किदेगा रडत होता, त्याच्या तोंडावर हात दाबून धरला होता. एका हातानं जेवढ्या मोडता आल्या तेवढ्या डहाळ्या तिनं लेकीच्या तोंडावर ठेवल्या आणि निघाली. तिसऱ्या दिवशी परत गेली तर जागा रिकामी. डहाळ्या तिथंच होत्या, पण थोड्या पुढेही पडल्या होत्या, ओढ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर, एक इथे, एक तिथे.

"वाऱ्यानं गेल्या असतील," अतिमांगो म्हणाली. "वारा होता त्या दिवशी."

तिनं घरी येऊन सगळ्यांना सांगितलं होतं की पोरीला झाडीतल्यांनी नेलं. लेकीला रस्त्यावर टाकून आले हे ती कोणत्या तोंडानं सांगणार होती?

चार दिवसांनी, शुक्रवारी, टळटळीत दुपारी पुरायचं ठरलं. अतिमांगोच्या अंगणात खड्डा खणला. तिचा दीर आला, जावा आल्या, न्येको आली. कार्मेला लाकेरजवळ घरीच राहिली. सकाळपासून पोरीनं डोळे उघडले नव्हते. यागोचं फळ धुऊन कापडात गुंडाळून ठेवलं होतं, तान्ह्या लेकराला ठेवतात तसं.

आधी अतिमांगो बोलली, सगळ्यांसमोर, उभी राहून. जावांनी तोंडाला पदर लावले. दीर सात वर्षांत कितीदा वहिनीच्या लेकीला शोधायला सरहद्दीपर्यंत जाऊन आला होता. तो डोकं धरून खाली बसला. मग सांतो बोलला. पान उचलल्याचं, चेहरा विकल्याचं, भिंतीवर टांगल्याचं. काही राखलं नाही. न्येकोनं मान डोलावली. फळ खाली ठेवलं. सांतोनं पाकीट खिशातून काढलं, तेवढ्यात अतिमांगोनं हात वर केला.

"एक विचारायचंय. मी तिचे डोळे मिटले होते. ह्या हातानं. मिटून राहीपर्यंत हात ठेवला होता. तुझ्या फोटोत ते उघडे आहेत. कोणी उघडले?"

सात वर्षं तो फोटो रोज डोळ्यांसमोर होता, पण फिल्म त्यानं कधी पाहिलीच नव्हती. संपादकानं निवडलेला एक फोटो तेवढा त्याला ठाऊक. त्यानं पाकीट उघडलं आणि पट्टी आभाळाकडे धरली.

तीन फोटो होते. पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं. पण आयुष्य त्यात गेलेल्याला ते सरळ वाचता येतं. पहिल्यात डोळे मिटलेले. दुसऱ्यात पापण्यांमधे बारीक फट. तिसऱ्यात डोळे उघडे, आणि नजर कॅमेऱ्याच्या भिंगावर लागलेली. ज्याला बक्षीस मिळालं तो हा तिसरा.

ती जिवंत होती. एक रात्र आणि एक सकाळ ती तिथं पडून होती, कोणीतरी पान उचललं, उजेड आला, तिनं डोळे उघडून बघितलं. आणि सांतोनं तिच्या तोंडावर पुन्हा डहाळ्या टाकल्या. त्याच्या कमरेला त्या दिवशी पाण्याची बाटली लटकत होती, भरलेली. ओढ्याच्या वाटेवर त्या डहाळ्या कोणी नेल्या ते त्याला कळलं, आणि अतिमांगोला ते सात वर्षं कळत होतं आणि तिनं स्वतःला कळू दिलं नव्हतं, हेही कळलं.

"काय दिसतंय त्यात?" अतिमांगोनं विचारलं. तिला त्या पट्टीतलं काही वाचता येत नव्हतं.

सांतोनं तिच्याकडे पाहिलं. मग न्येकोकडे. घरी लाकेर होती. जे पोटात ठेवशील ते तुझं दार सोडणार नाही, हे शब्द त्याच्या कानात होते, आणि ते खरे आहेत असं तो आता मानत होता. एक वाक्य खरं बोललं की त्याची पोर सुटणार होती. आणि समोरची बाई राहिलेलं आयुष्य रोज लेकीला जिवंत सोडून जाणार होती.

"मीच उघडले," सांतो म्हणाला. "बोटांनी. फोटोत डोळे हवे होते म्हणून."

जावांच्या तोंडून आवाज निघाला. दीर मुठी आवळून पुढे आला, त्याला अतिमांगोनं हातानं अडवलं. ती सांतोच्या बोटांकडे बघत होती.

"म्हणजे मी मिटले तेव्हा ती गेलेली होती."

"गेलेली होती, आई. गार होती."

अतिमांगोनं श्वास सोडला. मैलभरावरून डोक्यावर आणलेला घडा खाली उतरवल्यावर बाई सोडते तसा. मग ती खड्ड्याशी बसली, पट्टी त्याच्या हातून घेतली, फळाशेजारी ठेवली आणि स्वतःच्या हातानं माती लोटायला लागली. सांतोला कोणी माती लोटू दिली नाही.

निघताना न्येको त्याच्याबरोबर फाटकापर्यंत आली. "काहीतरी राहिलं तुझ्या पोटात," ती म्हणाली.

"राहू दे."

"पोरीचं काय?"

"माझ्या पोटात आहे ना? मग माझ्याकडे येऊ दे. लामुनुला सांग." म्हातारीनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि परत फिरली.

दुसऱ्या दिवशी अतिमांगो स्वतः गुलूला आली. सांतो दारात उभा होता, त्याच्याकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. त्याला आशीर्वाद देणार नाही, त्या हाताला तर नाहीच, हे तिनं कार्मेलाला तोंडावर सांगितलं. पण पोरीनं काय केलंय? तिनं तळहातावर थुंकी घेतली, मोठी माणसं देतात तसा लाकेरच्या छातीवर आशीर्वाद लावला, आणि बसून राहिली. दुपार आली. ऊन डोक्यावर आलं. लाकेर उंबऱ्याकडे गेली नाही. तिनं डोळे उघडून विचारलं, आई, खायला काय आहे?

ही गोष्ट सांतोनं कित्येक वर्षं कोणाला सांगितली नव्हती. अतिमांगो गेल्या साली गेली, शांतपणे, सगळ्यांना लामुनुची आई म्हणू देत गेली, म्हणून आता बोलायला हरकत नाही. पण जे पसरायचं ते केव्हाच पसरलं आहे. मढ्याचे डोळे उघडणारा, म्हणतात त्याला आमच्यात. बाजारात बाया पोरांचे चेहरे पदराआड घेतात. ज्यांना त्यानं निळ्या चादरीपुढे उभं केलं होतं तीच माणसं त्याचा उजवा हात हातात घेत नाहीत. तो कोणाला उलट बोलत नाही. अजून लढाया होतात तिकडे तो जातो, फोटो काढतो. पण पान ठेवलेलं दिसलं की आधी कॅमेरा गाडीत ठेवतो, पानाखाली हात घालून मानेची शीर चाचपतो, ओल्या बोटानं ओठ पुसतो आणि थांबतो. बरोबरचे कंटाळून भोंगे वाजवतात. तो थांबतो.

घरी असला की दुपारी त्याच्या घशाला कोरड पडते. तो पेला भरतो, पीत नाही, उंबऱ्यात ठेवतो आणि शेजारी उन्हात बसून राहतो. कार्मेला आता काही विचारत नाही. तासाभरानं येते आणि पेला उचलून त्यातलं पाणी मिरचीच्या रोपाला घालते. अलीकडे कधी कधी तो तिला रिकामा मिळतो.